दादाने सांगितलेलं स्टार ट्रेक

कॅप्टन कर्कचा शर्ट निळा. स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय हिरव्यात. बाकीचे सगळे चॉकलेटी. जवळजवळ चाळीस वर्षं हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की कुणाला विचारून बघावं असं कधी वाटलंच नाही.

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळजहाजावरची अमेरिकन मालिका लागायची. देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्येच सुरू झालं होतं, पण प्रक्षेपण रंगीत झालं म्हणून घरातला टीव्ही रंगीत होत नाही. आमचा ब्लॅक अँड व्हाइट होता आणि पुढे बरीच वर्षं तसाच राहिला. त्यामुळे कशाचा रंग काय, हे दादा ठरवायचा. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मोठ्या माणसांना ब्लॅक अँड व्हाइटमध्येही रंग दिसत असावेत अशी माझी समजूत होती आणि ती दूर करायची दादाला काही गरज वाटली नाही.

दादाकडे आणखी एक खातं होतं, भाषांतराचं. मालिका इंग्रजीत. मी सात वर्षांची, मला 'येस' आणि 'नो' कळायचं. दादा सातवीत. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे त्याच्या गाठीला जेमतेम दोन-अडीच वर्षांचं इंग्रजी. तेवढ्या भांडवलावर तो एंटरप्राइज जहाजावरचा सगळा व्यवहार मला मराठीत सांगायचा, तोही चालू प्रसंगात, न अडखळता. प्रत्येक भागात कर्कचा आवाज यायचा, 'कॅप्टन्स लॉग'. दादा सांगायचा, "लॉग म्हणजे लोग. कॅप्टनचे लोक. तो आपल्या लोकांना हाक मारतोय." मला ते पटायचं. कॅप्टन आहे, मारणारच हाक.

गेल्या वर्षी दादाचा मुलगा शिक्षण संपवून अमेरिकेहून परत आला आणि त्याने माझ्यासमोर प्लास्टिकच्या तीन जाडजूड डब्या ठेवल्या. एक पिवळी, एक निळी, एक लाल. "आत्या, तुझं ते स्टार ट्रेक. सगळं आहे." कुणीतरी वापरून विकलेला २००४ सालचा डीव्हीडी संच होता. तीन वर्षं, तीन डब्या, ७९ भाग. मला वाटायचं की शेकडो असतील. सप्टेंबर १९६६ ते जून १९६९, एवढ्यात खेळ आटोपलेला.

डीव्हीडी प्लेअर माळ्यावर होता. तो काढला, पुसला, जोडला, तबकडी आत सरकवली. प्लेअरने जरा घरघर केली आणि पडद्यावर लिहून दाखवलं की ही तबकडी या प्रदेशाची नाही. चित्रपट आधी कुठे विकायचे आणि नंतर कुठे, हे कंपन्यांच्या हातात राहावं म्हणून डीव्हीडीसाठी जगाचे सहा तुकडे केले होते, हे मी पार विसरले होते. अमेरिका एक नंबरात, आपण पाचात. ज्या मालिकेत अख्खी पृथ्वी एक झालेली आहे, रशियन आणि जपानी माणसं शेजारीशेजारी बसून जहाज हाकतात, तिची तबकडी एक नंबरातून पाच नंबरात यायला तयार नव्हती.

भाच्याने कॉम्प्युटरला जोडायचा ड्राइव्ह आणला. त्यात प्रदेश बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. बदलताना कॉम्प्युटर बजावतो, आता इतक्या वेळा शिल्लक. माझा हात थबकला, भाच्याने 'ओके' दाबून टाकलं. "आत्या, पाच नंबरच्या डीव्हीडी तू शेवटच्या कधी लावल्यास?" मुद्दा बिनतोड होता.

कॉम्प्युटरवरून टीव्हीला वायर गेली आणि चित्र आलं, पण सगळी माणसं बुटकी आणि गालफुगी. जुनं चित्र चारास तीन या मापाचं, टीव्ही रुंद, म्हणून त्याने ते दोन्ही बाजूंना ताणलं होतं. ते मूळ मापावर आणलं. कडेला काळे पट्टे आले, माणसं शिडशिडीत झाली, आणि कर्क वळला.

शर्ट पिवळा. चक्क पिवळा. झेंडूच्या जवळ जाणारा.

मी दादाला फोन लावला.

"निळा," तो म्हणाला.

"अरे, माझ्या समोर आहे. पिवळा आहे."

"तुझ्या टीव्हीचं सेटिंग बिघडलंय. आत्ताच ताणलेलं होतं ना?"

पहिल्या दोन-चार रात्री मी गोष्ट पाहिलीच नाही, रंगच बघत बसले. इतके रंग, आणि इतके धीट! जहाजातल्या भिंती मुळात करड्या आहेत, पण छायाचित्रकाराने दिव्यांसमोर जिलेटिनचे रंगीत पारदर्शक कागद लावून त्यांच्यावर जांभळा, हिरवा, शेंदरी उजेड टाकलाय. एका प्रसंगात कर्क बोळातून चालत येतो आणि त्याच्यामागच्या भिंतीवर एक जांभळी पट्टी पडलेली आहे, तिला कसलंही कारण नाही. खिडकी नाही, दिवा नाही. नुसतीच जांभळी. पण कारण होतं. मालिका दाखवणाऱ्या एनबीसी या वाहिनीची मालक आरसीए कंपनी, आणि आरसीए रंगीत टीव्ही बनवायची. लोकांनी रंगीत टीव्ही घ्यावा असं ज्यात काहीतरी असेल, ते त्यांना हवंच होतं. थोडक्यात, ज्यांच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट आहे त्यांना चुटपुट लागावी म्हणून रंगवलेली मालिका आम्ही ब्लॅक अँड व्हाइटवर बघितली, आणि आम्हाला कसलीही चुटपुट लागली नाही.

शर्टाचं प्रकरण मात्र पुढे गेलं. वाचता वाचता कळलं की तो पिवळाही नव्हता. कपडे करणाऱ्या विल्यम वेअर थीस यांनी कॅप्टनसाठी पोपटीकडे झुकणारं हिरवं, मखमलीसारखं वेलूर कापड घेतलं होतं. स्टुडिओतल्या प्रखर दिव्यांखाली ते कापड फिल्मवर सोनेरी उमटलं. कर्क कधी कधी एक वेगळा, पुढे गुंडाळायचा अंगरखा घालतो, तो मात्र हिरवाच दिसतो, कारण त्याचं कापड वेगळं. (धुतलं की ते वेलूर आटायचं, म्हणून तिसऱ्या वर्षी कापडच बदललं. कर्क अधूनमधून शर्टात कोंबल्यासारखा दिसतो तो उगाच नाही. अर्थात सगळा दोष कापडाचा नव्हे.)

म्हणजे नटाच्या अंगावर हिरवा, अमेरिकेतल्या टीव्हीवर पिवळा, आमच्या टीव्हीवर करडा आणि दादाच्या तोंडून निळा. मी हे सगळं दादाला रीतसर सांगितलं. तो म्हणाला, "बघ, त्यांचंच नक्की नाहीये."

मग मी सबटायटल लावली, आणि दादाचं दुसरं खातं उघडं पडायला लागलं.

'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग माझ्या सगळ्यात लाडका. जमिनीखाली खाण आहे, तिथे एक राक्षस माणसांना मारतोय. राक्षस म्हणजे खडबडीत गोधडीसारखा एक गोळा, सरपटत येतो आणि खडकातून बोगदा पाडत जातो. स्पॉक त्याच्या मनात शिरतो आणि कळवळून ओरडतो, 'पेन! पेन! पेन!'

मी तेव्हा दादाला विचारलं होतं, काय झालं?

"त्याला पेन हवंय."

"कशाला?"

"लिहायला. अजून कशाला?"

आणि पुढच्याच मिनिटाला तो राक्षस बाजूच्या खडकावर चढला, उतरला, आणि खडकावर खरंच अक्षरं उमटलेली होती! माझा दादावर जो विश्वास बसला तो कायमचा. त्याने आधीच सांगितलं होतं. पेन कुणी दिलं नाही म्हणून बिचाऱ्याने अंगातल्या आम्लाने लिहिलं.

आता सबटायटलमध्ये वाचलं. पेन म्हणजे वेदना. तो प्राणी जखमी आहे, त्याला यातना होतायत. खडकावर त्याने लिहिलंय 'नो किल आय', मोडकं इंग्रजी, धड अर्थ लागत नाही. मला मारू नका की मी मारणार नाही, हा प्रश्न कर्कलाही पडतो. खरी गोष्ट अशी, की तो राक्षस नाहीच, ती आई आहे. खाणकामगारांनी जे सिलिकॉनचे गोळे समजून फोडून टाकले ती तिची अंडी. ते गोळे काय होते हे दादाने सांगितलंच नव्हतं, पेनाच्या आनंदात ते राहून गेलं असावं. मग डॉक्टर मॅकॉय तिची जखम सिमेंटने लिंपतो, कारण तिचं शरीर सिलिकॉनचं. गोधडीच्या आत यानोश प्रोहास्का नावाचा माणूस होता, रबरी पोशाख घालून गुडघ्यांवर सरपटणारा. हे माहीत असूनही, ती अंडी फुटलेली बघून मला जे वाटलं ते गोधडीबद्दल वाटण्यासारखं नव्हतं.

दादाला फोन केला. "त्याला पेन नको होतं."

"मग लिहिलं कसं?" तो म्हणाला, आणि पलीकडे खो खो हसला.

अशा बऱ्याच निघाल्या. एक माणूस मेला म्हणून दादाने सांगितलं होतं, तो नुसता बदली होऊन गेला होता. दोन शत्रू भाऊ असल्याचं सांगितलं होतं, त्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती. मी वहीत मांडून ठेवायला सुरुवात केली, डावीकडे दादा, उजवीकडे सबटायटल. खरं सांगते, डावीकडचे तीन-चार भाग उजवीकडच्यापेक्षा चांगले होते. तिसऱ्या वर्षाचे काही भाग तर इतके पडेल आहेत की तिथे दादाची फार उणीव भासली.

'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' लावला तेव्हा मी वही उघडीच ठेवली होती. कर्क आणि स्पॉक भूतकाळात, १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पडतात. गरिबांसाठी अन्नछत्र चालवणारी ईडिथ तिथे भेटते, जोन कॉलिन्सने केलंय तिचं काम. कर्क तिच्यात गुंततो. लहानपणचं मला एवढं आठवत होतं, की शेवटी तिला ट्रकचा धक्का लागतो, मग ती दवाखान्यात जाते, बरी होते, आणि कर्कला आपल्या जहाजावर परत जायचं असतं म्हणून तो दुःखी होतो. दादाने असंच सांगितलं होतं. पट्टी बांधली, आता ठीक आहे, चल, संपलं.

ती मरते. नुसती मरत नाही, तिचं मरणं गरजेचं असतं. ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरणार आणि हिटलर जिंकणार, हे स्पॉकने शोधून काढलेलं असतं. ट्रक येतो तेव्हा मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला मिठी मारून धरून ठेवतो. ट्रकच्या ब्रेकचा आवाज येतो तेव्हा कर्कची पाठ तिच्याकडे आहे, डोळे मिटलेले. मॅकॉय त्याला विचारतो, काय केलंस हे तुला कळतंय का? उत्तर स्पॉक देतो, त्याला कळतंय.

सातवीतल्या मुलाला यातलं हिटलरचं वगैरे काही कळलं नसणार हे उघड आहे. पण बाई मेली हे कळायला इंग्रजी लागत नाही. ते फक्त माझ्यासारख्या सात वर्षांच्या मुलीला कळत नाही, शेजारी कुणीतरी 'पट्टी बांधली' म्हणत असेल तर.

त्या रात्री फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं काही बोलता बोलता विचारलं.

"हो मग," दादा म्हणाला. "तू भोकाड पसरलं असतंस. आईने टीव्ही बंद केला असता. माझा पुढचा रविवारही गेला असता."

वहीत त्या भागापुढे उजवीकडे काही लिहिलं नाही.

डीव्हीडीच्या स्वच्छ चित्रात लबाड्या फार दिसतात, आणि मला त्या बघायला आवडायला लागल्या. मारामारीत कर्कच्या जागी उडी मारणारा माणूस कर्क नाही हे आंधळ्यालाही कळेल, तोंडच वेगळं. आमच्या टीव्हीवर मुंग्या इतक्या असायच्या की कर्क आणि त्याचा बदली सारखेच दिसायचे. मॅकॉयची शस्त्रक्रियेची चकचकीत हत्यारं म्हणजे मीठदाण्या आहेत. मीठ खाणाऱ्या प्राण्याच्या भागासाठी जरा वेगळ्या दिसणाऱ्या मीठदाण्या आणल्या, मग वाटलं की या लोकांना मीठदाण्या म्हणून ओळखूच येणार नाहीत, म्हणून त्या डॉक्टरच्या हातात दिल्या. जहाज जवळजवळ कायम डावीकडून उजवीकडे का जातं, याचं उत्तरही मिळालं. सव्वाअकरा फुटांच्या त्या मॉडेलच्या दिव्यांच्या वायरी डाव्या अंगाने आत जायच्या, म्हणून ती बाजू दाखवायचीच नाही. आज ते मॉडेल वॉशिंग्टनच्या एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे. माणसं चमचमत विरघळून दुसरीकडे उमटतात, हे सुचलं ते पैसे नव्हते म्हणून. दर भागात एवढं जहाज ग्रहावर उतरवायला परवडलं नसतं. अॅल्युमिनियमची भुकटी उजेडातून खाली सोडली आणि काम भागलं.

पुढे २००६ पासून हे सगळं नव्याने केलं गेलं, कॉम्प्युटरवर जहाज आणि ग्रह परत काढले. २००९ च्या ब्लू-रेवर जुनं की नवं हे निवडता येतं. भाच्याने एकदा ते लावून दाखवलं. सुरेख आहे. 'अरीना' भागातल्या सुसरीसारख्या तोंडाच्या गॉर्नला पापण्या दिल्यात, तो आता डोळे मिचकावतो. मला तो जुना, टक लावून बघणारा बरा वाटला. न मिचकावता बघणारा रबरी मुखवटा जास्त भीतीदायक असतो.

एका रात्री सहज म्हणून कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये रंगाची पट्टी ओढत शून्यावर नेली. खोलीत एकदम रविवार झाला.

आणि एक गोष्ट लक्षात आली. रंगीत चित्रात ग्रहावर चौघे उतरले आणि त्यातला एक लाल शर्टात अनोळखी असला, की तो परत येत नाही. याच्यावर जगभर विनोद झालेत. रंग काढले की लाल आणि निळा दोन्ही करड्याच्याच छटा, कुणाच्या कपाळी काय आहे ते कळत नाही. आम्ही लहानपणी उतरणाऱ्या प्रत्येकासाठी जीव मुठीत धरून बसायचो. पुढे मी 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड' हा १९६९ चा भाग मुद्दाम तसाच बघितला. अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा असलेले दोघे, एक दुसऱ्याचा कट्टर वैरी. दोघे सारखेच तर आहेत, कर्क म्हणतो. तेव्हा त्यातला एक थक्क होऊन सांगतो, मी उजवीकडे काळा आहे, तो डावीकडे. तोवर ते मलाही दिसलेलं नव्हतं. या एका भागात रंगीत टीव्हीवाल्यांना आमच्यापेक्षा काही जास्त मिळालं नसणार.

शेवटच्या लाल डबीत 'द केज' आहे, सगळ्यात आधी बनवलेला आणि एनबीसीने नाकारलेला भाग. त्यातला एक किस्सा शर्टासारखाच. हिरव्या कातडीच्या बाईसाठी नटीला हिरवा रंग फासून चाचणी घेतली, तर लॅबमधून फिल्म नेहमीच्या कांतीची आली. अजून हिरवं फासलं, तरी तेच. लॅबवाले काहीतरी चूक झालीय असं समजून दर वेळी निमूटपणे रंग सुधारत होते! तर या भागाची मूळ फिल्म कापून तिचे तुकडे पुढे दुसऱ्या एका गोष्टीत वापरले. उरलेलं रंगीत हरवलं असं धरून, १९८६ मध्ये व्हिडिओ काढताना मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याच्याकडच्या ब्लॅक अँड व्हाइट प्रतीतून गाळलेल्या जागा भरल्या. नंतर हरवलेले तुकडे सापडले आणि १९८८ मध्ये पूर्ण रंगीत भाग दाखवला गेला. डबीत दोन्ही आहेत. मी जोडकाम केलेला लावला. माणूस रंगीत चालत येतो, मध्येच करडा होतो, दोन वाक्यं बोलतो, परत रंगीत. दर वेळी रंग गेला की मला जरा घरी आल्यासारखं वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत दादा आला. म्हटलं, बस, दाखवते. पहिली तबकडी लावली, सबटायटल बंद केली, आणि त्याच्या नकळत रंगाची पट्टी शून्यावर ओढली. भाचा मागे उभा राहून हसू दाबत होता. जहाज डावीकडून उजवीकडे गेलं. कर्कचा आवाज आला, 'कॅप्टन्स लॉग'. दादाने चष्मा वर सरकवला, पुढे वाकला आणि टीव्हीला बोट लावलं.

"हा बघ," तो म्हणाला. "निळा."